वऱ्हाडातून आले, मावळचे झाले

घरातला सातबारा एकदा पेटीतून काढून बघा. गाव नमुना सातवर गट नंबर असतो, क्षेत्र असतं, आकार असतो, खातेदाराचं नाव असतं. त्यातच आणखी एक जागा ठेवलेली असते, शेताचे स्थानिक नाव लिहायची. पुष्कळ उताऱ्यांवर ती कोरीच राहिलेली दिसेल.

आता घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं ऐका. त्यांच्या तोंडी गट नंबर कधी येत नाही. आंब्याचं खाचर, म्हसोबाचा माळ, ओढ्याकडची दळी, असंच ती बोलतात. खाचर कुणी पाडलं, आंबा कुणी लावला, म्हसोबाला कोंबडं कधी कापायचं, हे सगळं त्या नावात असतं. माणसाचा जीव जागेत गुंततो तो असा, नावानावानं.

या गोष्टीचं मोल ज्यांना पुरतं कळलं होतं, असे एक गृहस्थ आपल्या मावळात पन्नासेक वर्षं राहून गेले. त्यांच्या नावावर मावळात खाचरं नव्हती, ते इथं जन्मलेलेही नव्हते. गोपाळ नीलकंठ दांडेकर हे त्यांचं पूर्ण नाव. महाराष्ट्र त्यांना गोनीदा म्हणून ओळखतो, जवळची माणसं आप्पा म्हणत. कादंबरीकार म्हणून ते मोठे होतेच. पण एखाद्या मुलखावर माया करायची म्हणजे काय करायचं, हे त्यांच्या आयुष्यातून शेतकऱ्यानं, सरपंचानं आणि ग्रामसेवकानंही समजून घेण्यासारखं आहे.

तेराव्या वर्षी घर सोडलं

गोनीदांचा जन्म ८ जुलै १९१६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याचा. परतवाडा म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. वर मेळघाटाचं रान, चिखलदऱ्याचा घाट, गाविलगडचा किल्ला. खाली वऱ्हाडची काळी कपाशीची जमीन. डोंगर आणि रान लहानपणीच डोळ्यांपुढं होतं.

देशात स्वातंत्र्याची चळवळ पेटली होती. सातवीतला हा मुलगा वयाच्या तेराव्या वर्षी शाळा आणि घर दोन्ही सोडून बाहेर पडला. पुढची कितीतरी वर्षं वणवण झाली. मिळेल ते खायचं, जागा दिसेल तिथं पथारी टाकायची. त्याच वणवणीत गाडगे महाराजांची गाठ पडली. महाराजही अमरावती जिल्ह्याचेच. हातात खराटा घेऊन गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनातून माणसांची मनं झाडायची, हा त्यांचा क्रम. गोनीदा त्यांच्या सहवासात राहिले. खेड्यातला माणूस कसा बोलतो, कशाला हसतो, कशाला भितो, याचं शिक्षण त्यांना शाळेच्या बाकावर मिळालं नाही. ते या फिरतीत मिळालं.

पुढं त्यांनी वेदान्ताचा अभ्यास केला. नर्मदेची परिक्रमा केली. ही नदी १,३१२ किलोमीटर लांब. परिक्रमेला दोन्ही काठ चालावे लागतात. म्हणजे नुसता हिशेब केला तरी अडीच हजार किलोमीटरच्या वर चाल झाली, आणि तीही वाटेतल्या गावांनी घातलेल्या भिक्षेवर. या अनुभवातूनच त्यांचं कुणा एकाची भ्रमणगाथा हे पुस्तक १९५७ साली आलं.

एवढी पायपीट केलेला माणूस एका ठिकाणी टिकेल, असं कुणाला वाटलं नसतं. एवढा मुलूख पाहिल्यावर कुठंही घर करता आलं असतं. ते त्यांनी केलं मावळात.

तळेगावचं बिऱ्हाड

स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास, १९४७ साली, गोनीदांनी ठरवलं की आता फक्त लेखणीवर जगायचं. बिऱ्हाड थाटलं तळेगाव दाभाडे इथं. त्या काळी मराठीत निव्वळ लिहून पोट भरणं म्हणजे कोरडवाहू शेतीच. पुस्तक खपलं तर खपलं, नाही तर उधारी. महिन्याच्या एक तारखेला हातात पडणारा पगार नाही. पाऊस येईल या भरवशावर आपण पेरतो, तसं त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं.

तळेगाव ही जागा मात्र अशी, की जिथून मावळ चारी बाजूंनी पायाखाली घालता येतो. एका अंगाला इंद्रायणीकाठी तुकोबांचा भंडारा डोंगर. दुसऱ्या अंगाला पवन मावळ, तिथले तुंग आणि तिकोना. पश्चिमेला लोहगड, विसापूर, कार्ल्या-भाज्याची लेणी. लोणावळ्याच्या पुढं घाटाच्या कडेवर राजमाची. यातला कितीतरी मुलूख त्यांनी पायांनी पाहिला, आणि एकदा पाहून थांबले नाहीत. उन्हाळ्यात गेले, पावसात गेले, थंडीतही गेले. ज्यानं राब भाजतानाचा धूर, चिखलणी, लावणी आणि दिवाळीच्या तोंडाशी पिवळं पडलेलं भात असं सगळं एकाच शिवारात पाहिलं, त्यालाच ते शिवार कळतं. वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याला ते कळायचं नाही.

तुंगीचा धोंडी

१९५५ साली त्यांची पवनाकाठचा धोंडी ही कादंबरी आली. पवन मावळातल्या मंडळींना तुंग किल्ला सांगायला नको. पवनेच्या पाण्यातून वर आलेला तो सुळका लांबूनही ओळखू येतो. कठीणगड हे त्याचं दुसरं नाव. १६६५ साली पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे तेवीस किल्ले द्यावे लागले, त्यांत लोहगड, विसापूर, तिकोना यांच्याबरोबर तुंगही होता.

कादंबरीतला धोंडी या तुंगीच्या हवालदाराच्या घराण्यातला. गड आता ओस पडलाय. तोफा नाहीत, शिबंदी नाही, राजाही नाही. पण घराण्याकडं गडाची राखण आहे, ही गोष्ट धोंडीच्या रक्तातून गेलेली नाही. बाहेरच्या जगाला ही हवालदारी पोकळ वाटेल. धोंडीला ती पोकळ वाटत नाही. जागेनं माणसाला सांभाळलं, आता माणसानं जागा सांभाळायची, एवढंच त्याला ठाऊक.

तुम्ही म्हणाल, ही तर गोष्टीतली गोष्ट. पण जरा थांबा. ही कादंबरी लिहिली तेव्हा पवनेवर धरण झालेलं नव्हतं. धरण त्यानंतर बांधलं गेलं, १९७० नंतरच्या वर्षांत ते भरलं, आणि खोऱ्यातली कितीतरी खाचरं, घरं, देवळं, पाऊलवाटा पाण्याखाली गेल्या. त्या पाण्यावर पुढं पिंपरी-चिंचवड वाढलं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र अर्धशतकाहून जास्त काळ रेंगाळला. धरणाआधीचं पवनेचं खोरं कसं होतं, तिथली माणसं काय बोलत, कशावर जगत, याची नोंद सरकारी भूसंपादनाच्या कागदात सापडत नाही. तिथं क्षेत्र सापडतं, मोबदला सापडतो. खोऱ्यातला माणूस सापडतो तो गोनीदांच्या पुस्तकात.

यावरून गोनीदा धरणांच्या विरोधात होते असं मात्र कुणी समजू नये. भाक्रा-नानगलच्या धरणावर त्यांनी आम्ही भगीरथाचे पुत्र ही कादंबरी लिहिली, आणि पाणी अडवणाऱ्या हातांचा गौरव केला. पाणी हवंच. पण पाण्याखाली काय गेलं, हेही कुणीतरी लिहून ठेवायला हवं. दोन्ही गोष्टी एकाच माणसानं केल्या, हे विशेष.

जाणारी माणसं, परतणारा बुधा

धोंडी जागेवर राहिला. सगळ्यांना राहता येतं असं नाही, हे गोनीदांना चांगलं माहीत होतं. त्याच १९५५ साली त्यांची पडघवली आली. हे कोकणातलं एक खेडं. माणसं पोटासाठी मुंबईकडं जातात, घरं मिटत जातात, वाड्या उजाड होतात, आणि गावाची ही उतरण गावात सून म्हणून आलेली बाई डोळ्यांनी बघते. सूनही बाहेरून आलेली, हे लक्षात घ्या. गावावर जीव लावायला त्या गावात जन्मावं लागतं असं नाही. आपल्या घरोघरच्या सुना हे रोज सिद्ध करतात. माहेरचं शिवार सोडून येतात, आणि दहा वर्षांत सासरच्या शेताचा बांध न् बांध त्यांना पाठ होतो.

मग १९५८ साली माचीवरला बुधा आली. राजमाचीची माची आपल्याला माहीत आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, खाली उधेवाडी, समोर बोरघाटाची खोल दरी. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या वाटेनं चालत गेलं तर पंधरा-सोळा किलोमीटर. या कादंबरीतला बुधा हा म्हातारा माणूस मुंबईतलं जिणं मागं टाकून आपल्या डोंगरावर परत येतो. सोबतीला कुत्रं, भोवती झाडं, पाखरं, जनावरं. शहरात त्याचा श्वास कोंडला होता, तो इथं मोकळा होतो. शेवटही तिथंच होतो. फार काही घडत नाही, तरी वाचणारा हलून जातो.

आज मावळातल्या घरांमधून पोरं तळेगाव, चाकण, पिंपरीच्या कारखान्यांत जातात. पहाटेची बस, रात्रपाळी, परत यायला उशीर. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. चार महिन्यांच्या भातावर वर्ष निघत नाही, हे शेतकऱ्याला दुसऱ्यानं सांगायला नको. पण त्यातला एखादा निवृत्त झाल्यावर गावी परत येईल, तेव्हा त्याला ओळखीचं काय सापडेल? बुधाला परतायला त्याची माची जागेवर होती. आपल्या पोरांना परतायला काय ठेवायचं, हा प्रश्न आजचा आहे, आणि तो आपल्यालाच सोडवायचा आहे.

गड म्हणजे गडाखालचं गावही

गोनीदांना गडांचं वेड होतं, हे सगळा महाराष्ट्र जाणतो. त्यातही राजगडावर त्यांचा जीव फार. सह्याद्रीतले किती गड ते चढले, आणि तरुण पोरांना बरोबर घेऊन चढले. गळ्यात कॅमेरा अडकवून त्यांनी गडांची छायाचित्रं काढली. किल्ल्यांवर पुस्तकं लिहिली. आज शनिवार-रविवारी पाठीला पिशवी लावून जी मुलं गडांवर दिसतात, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या घरात ही गोडी गोनीदांच्या पुस्तकातून आली.

पण त्यांच्या आणि आजच्या हौशी फिरण्यात एक फरक आहे. त्यांची नजर गडावर होती तशी गडाखालच्या वस्तीवरही होती. गडाखालची माणसं त्यांना वाट दाखवणारे गडी नव्हते, तीच त्यांच्या पुस्तकांचे नायक झाली. धोंडी पहिला, बुधा दुसरा. डोंगरातल्या ठाकर मंडळींवर, त्यांच्या मधाच्या पोळ्यांवर आणि गाण्यांवर त्यांनी जैत रे जैत लिहिली. जब्बार पटेलांनी १९७७ साली तिचा चित्रपट केला आणि ठाकरांचं नाचगाणं शहरातल्या चित्रपटगृहात पोचलं.

बोलीच्या बाबतीतही तसंच. मावळातला माणूस मावळासारखा बोलतो, कोकणातला कोकणासारखा, आणि पूर्णामायची लेकरं या कादंबरीतला वऱ्हाडी माणूस वऱ्हाडीत बोलतो. ही पूर्णा म्हणजे वऱ्हाडातली पूर्णा नदी. मावळात घर केलं म्हणून जन्मभूमी विसरले नाहीत, हे या पुस्तकानं दाखवलं. लेकी सासरी रमल्या म्हणजे माहेर विसरल्या असं थोडंच असतं! १९८१ साली अकोल्याला साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष गोनीदा होते. सातवीत घर सोडून गेलेला मुलगा वऱ्हाडात परतला तो असा. त्याआधी, १९७६ साली, स्मरणगाथा या त्यांच्या आत्मकथनाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता.

१ जून १९९८ रोजी गोनीदा गेले. मृगाला आठवडा राहिला होता. मावळात तेव्हा राब भाजून झालेले असतात आणि शेतकरी आभाळाकडं डोळे लावून बसलेला असतो.

त्यांच्यामागं मावळात काय बदललं

त्यांच्यानंतर चारच वर्षांनी, २००२ साली, मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला. मावळ दोन्ही शहरांना आणखी जवळ आला. जमिनीला भाव आला, आणि भावाबरोबर कुंपणं आली. ज्या माळावरून गुरं जायची तिथं फाटक उभं राहिलं. डोंगराच्या उतारावर बंगले आले, आणि बंगल्यांच्या फाटकांवर परक्या मुलखातली नावं आली. म्हसोबाच्या माळाचं नाव मात्र कुणाच्या पाटीवर आलं नाही.

गरजेपोटी जमीन विकणाऱ्याला नावं ठेवू नयेत. मुलीचं लग्न, आजारपण, कर्ज, भावाभावातल्या वाटण्या, या गोष्टी कुणाला सुटल्यात? पण शेत विकलं गेलं म्हणून शेताचं नाव विकलं जायला नको. नाव विकताही येत नाही. ते आपण बोलायचं सोडलं की आपोआप मरतं.

दुसरा बदल चांगला आहे, पण जबाबदारीचा आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यांत आपला लोहगड आहे, आणि गोनीदांचा लाडका राजगडही आहे. लोहगडाच्या पायथ्याला आता आणखी गर्दी होणार. गाड्या, कचरा, पाण्याच्या बाटल्या, वाटेवरची दुकानं, या सगळ्याचा भार पायथ्याच्या ग्रामपंचायतींवर पडणार. या गर्दीतून गावातल्या पोरांना, बचत गटांच्या बायांना दोन पैसे मिळाले पाहिजेत. पण आलेल्या पाहुण्याला गडाबरोबर गावही दिसलं पाहिजे. या टाक्याला काय म्हणतात, ही वाट कुणाची, हा दगड कुणाच्या आठवणीचा, हे सांगणारं माणूस गावात हवं. ते सांगता आलं नाही, तर पाहुणा गड बघून जाईल आणि गाव नुसतं वाहनतळ होऊन बसेल.

आता करण्यासारखं

गोनीदांचं स्मरण करायचं तर पुतळ्याची किंवा सभागृहाची वाट बघत बसू नका. खर्च न येणारी तीन कामं आहेत.

पहिलं काम घरातलं. येत्या सणाला सगळी भावकी एकत्र आली की वडीलधाऱ्यांना पुढं बसवा आणि आपल्या प्रत्येक तुकड्याचं नाव वहीत उतरवून घ्या. विकलेल्या, धरणात गेलेल्या, रस्त्यात गेलेल्या तुकड्यांचीही नावं घ्या. नाव कशावरून पडलं तेही लिहा. शाळेत जाणाऱ्या पोराच्या हातानं लिहून घेतलं तर आणखी चांगलं.

दुसरं काम चावडीतलं. सातबाऱ्यावर स्थानिक नावाला जागा आहेच. ती कोरी असेल तर तलाठ्यांकडं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडं, रीतसर अर्ज देऊन ती भरून घेण्याबद्दल विचारा. अधिकारी मंडळींनीही या अर्जाकडं रिकामपणचा उद्योग म्हणून बघू नये. बांधाच्या भांडणात, वाटेच्या तंट्यात जुन्या नावाचा पुरावा कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही.

तिसरं काम ग्रामसभेतलं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. पुष्कळ ठिकाणी ही वही एकदा तयार होऊन कपाटात पडते. ती बाहेर काढा. गावातली देवराई, जुने आंबे, हिरडे, झरे, रानभाज्या, त्यांची इथली नावं आणि उपयोग त्यात नीट भरा. डोंगरातल्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि धनगर वस्त्यांवर जाऊन विचारा. रान त्यांना जितकं माहीत आहे तितकं गावठाणातल्या शिकलेल्या माणसाला माहीत नाही. गोनीदा अशाच माणसांकडं गेले, म्हणून त्यांच्या पुस्तकातलं रान खरं वाटतं.

वऱ्हाडातला एक मुलगा पायी हिंडत आला, इथं घर केलं, आणि तुंग, राजमाची, पवना ही नावं साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसवून गेला. त्याला मावळात वतन नव्हतं. आपल्याकडं पिढ्यान् पिढ्यांचं आहे. तेव्हा सातबाऱ्यावरची ती कोरी जागा भरायचं काम तरी आपण कुणा परगावच्या माणसावर सोडू नये.